पत्र आलं नाही तर होकार

अक्काचं ते आंतरदेशीय पत्र आलं तेव्हा मी जेवायला बसलो होतो. पोस्टमननं ते दाराच्या फटीतून आत सरकवलं. अक्षर लांबूनच ओळखू आलं. मुख्याध्यापिका म्हणून तिनं एकवीस वर्षं शेरे लिहिले होते, आणि त्या शेऱ्यांचं ठसठशीत वळण तिच्या हातातून शेवटपर्यंत गेलं नाही. हात न धुताच मी पत्र फोडलं.

"चि. भालू यास अनेक आशीर्वाद. पुण्याच्या डॉक्टरांनी फुप्फुसांचं खरं काय ते सांगितलं. ती आतून आखडत चालली आहेत, त्यावर उपाय नाही. दीड-दोन वर्षं म्हणतात. तेव्हा कागद करायला घेतले. मृत्युपत्र नोंदवून झालं. घर शिरीषला, पुस्तकं शाळेला, मागची खोली सरूला तिच्या हयातीपर्यंत. बँकेच्या कामाचं मुखत्यारपत्र शिरीषला दिलं. एक कागद उरला आहे. शेवटच्या आजारात घशात नळी घालू नये, यंत्रावर ठेवू नये, असं आपल्याला आधी लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी लागतात. पण मला बोलता येत नसेल तेव्हा माझ्या वतीनं डॉक्टरांशी कुणी बोलायचं, त्याचं नाव त्यात घालावं लागतं. मुखत्यारपत्रात ते येत नाही, असं वकील म्हणाले. शिरीष मुलगा आहे, त्याच्याच्यानं ते होणार नाही. तुझं नाव घालते आहे. तू लिहिलेलं मोडत नाहीस, म्हणून. जमणार नसेल तर स्पष्ट लिही, मला राग येणार नाही. पंधरा दिवसांत पत्र आलं नाही तर होकार समजेन."

अक्का जाऊन आता चार वर्षं झाली, तरी हा मजकूर मला पाठ आहे. त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही.

पाठवायचं नव्हतं असं नाही. त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसलो. "ती. अक्का यांस शि. सा. न." इथपर्यंत आलो. जमणार नाही असं लिहावं तर मोठ्या बहिणीनं आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट नाकारल्यासारखं होणार. जमेल असं लिहावं तर ते खोटं होईल अशी भीती. मी मिरजेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. तिथं मोठ्यानं बोलायचं नाही अशी पाटीच होती, आणि ती माझ्या फार सोयीची होती. वर्गणी थकवणाऱ्या सभासदालाही मी तोंडानं कधी सांगितलं नाही, चिठ्ठी लिहून पुस्तकात घालून द्यायचो.

आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याचा अर्थ नेहमी दुसऱ्यांनीच लावला. मुलगी बघायला नेलं तेव्हा मी तासभर सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघत होतो. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "भालू काही बोलला नाही. म्हणजे पसंत आहे." लग्न झालं. मालतीबरोबर संसार बरा झाला, म्हणून त्या पद्धतीत काही चूक आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पंधरा दिवस गेले. अठराव्या दिवशी रजिस्टरनं जाड पाकीट आलं. स्टॅम्पपेपरची प्रत, नोटरीचा लाल शिक्का, अक्काची सही, आणि तिसऱ्या परिच्छेदात टाइप केलेलं माझं नाव: श्री. भालचंद्र शंकर माळवदे, नातं भाऊ. बरोबर चिठ्ठी होती. "तुझा होकार धरला आहे. हा कागद हाताशी ठेव."

मी तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला.

*

चार महिन्यांनी सरूबाईंचा फोन आला. सरूबाई म्हणजे अक्काच्या शाळेतल्या शिपाई. दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या. सरूबाईंना मूलबाळ नव्हतं, त्या अक्काच्या मागच्या खोलीत राहायला आल्या आणि तिथंच राहिल्या. शाळेची घंटा द्यायची सवय असल्यामुळे त्या फोनवरही लांबच्या माणसाला हाक मारल्यासारख्या बोलायच्या.

"भाऊ, बाईंना सोलापूरला आनलंय. धाप लागली. बोलता यीना. त्यो कागद घिऊन या."

"कसा काय एकदम..."

"ते आल्यावर इचारा. कागद घ्या."

सकाळची पहिली एस.टी. धरली. मंगळवेढ्यापर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. 'डॉक्टर, माझ्या बहिणीनं आपली इच्छा लेखी नोंदवून ठेवली आहे.' वाक्य चांगलं होतं. दोनदा पुटपुटलो तर शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले, मग थांबलो.

दवाखाना मोठा होता. दुसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर शिरीष येरझाऱ्या घालत होता. तो पुण्याहून रात्रीच आला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. सरूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. तिथं खुर्च्या होत्या, पण त्या बसल्या नव्हत्या.

"मामा, आलात. बरं झालं," शिरीष म्हणाला. "ऑक्सिजन उतरतोय. व्हेंटिलेटर लावू का विचारतायत. मी काय सांगू?"

पिशवी माझ्या खांद्याला होती. फोल्डर तिच्यात, वरच होता. मी म्हणालो, "तू चहा घेतलास का?"

सरूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या. डॉक्टर बिराजदार. पस्तिशीच्या असतील, डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. फुप्फुसांच्या मूळ आजारावर इलाज नाही. वरून न्यूमोनिया झाला आहे. नळी घालून यंत्रावर ठेवलं तर तो उतरेल, किंवा नाही उतरणार. उतरला तरी मूळ आजार तसाच राहील. नळी घातली नाही तर त्रास होऊ नये असं औषध देऊ, मग आजचा दिवस, फार तर उद्याचा.

"पेशंटनी याबद्दल आधी काही सांगून ठेवलंय का? काही लिहून वगैरे?"

"नाही," शिरीष म्हणाला. "म्हणजे... मला तरी नाही."

"हाय की!" सरूबाई उठून उभ्या राहिल्या. "बाईंनी ल्हिऊन ठिवलंय. मला सोता वाचून दावलंय. नळी नको म्हनून."

"सरूबाई, तुम्ही जरा गप्प बसा," शिरीष म्हणाला. चिडून नव्हे, फार थकून म्हणाला.

"या कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी असतात आईच्या. कामाला."

कामाला, हा शब्द ऐकून सरूबाईंचं तोंड मिटलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "त्यास्नी इचारा. त्यांच्या पिशवीत हाय."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. शिरीषही वळला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून दिसतं. सात वर्षांचा असताना तो एकदा आमच्या घरी राहायला आला होता आणि ताप चढल्यावर 'मामा, मी मरणार का' म्हणून विचारत होता. तोच चेहरा.

"आजोबा? तसं काही आहे का?"

माझा हात पिशवीवर होता. पिशवीचा बंद बोटाला जाणवत होता. जुळवलेलं वाक्य जिथल्या तिथं होतं, एक शब्द हललेला नव्हता. मी तोंडही उघडलं. डॉक्टरांनी मनात दहापर्यंत आकडे मोजले असतील, इतका वेळ त्या थांबल्या. कामाच्या माणसानं थांबावं त्यापेक्षा जास्तच थांबल्या.

मग त्या शिरीषला म्हणाल्या, "ठीक आहे. सही करा."

त्यानं सही केली. काचेचं दार बंद झालं. सरूबाई परत खाली बसल्या, आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

*

नऊ दिवस अक्का यंत्रावर होती. मी जवळच्या एका लॉजवर उतरलो. अकरा ते साडेअकरा भेटायची वेळ असे. एका वेळी एकाला आत सोडत.

पहिल्या दिवशी गेलो तेव्हा तिला गुंगीचं औषध होतं. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा डोळे उघडे होते. नळीला हात लावू नये म्हणून दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेली होती. मी जवळ उभा राहिलो. तिनं मला ओळखलं. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, आणि मी तिथं असेपर्यंत उघडले नाहीत.

बाहेर येऊन सरूबाईंजवळ गेलो. त्या मला रोज चहा आणून देत, पण बोलत नसत.

"सरूबाई," मी फोल्डर पुढं केला. "हा तुम्ही घ्या. तुम्ही डॉक्टरांना दाखवा. अजूनही चालत असेल."

त्यांनी हात पुढं केला नाही. "माझं नाव न्हाई त्याच्यावर."

"तरी पण..."

"मी दिला तर चोरला म्हनतील, भाऊ. न्हाईतर म्हनतील, खोलीसाठी म्हातारीला लवकर घालवायला निघाली. तुमचं नाव हाय. तुम्ही द्या."

"आता कसं देऊ? शिरीष काय म्हणेल?"

"काय म्हनंल? रडंल. पोरगं हाय, रडू द्या." त्यांनी चहाचा रिकामा कप माझ्या हातातून घेतला. "तुमाला चहा देते त्यो बाईंचे भाऊ म्हनून. मनापास्नं न्हाई देत."

त्यानंतरही रोज चहा आला. मी रोज प्यालो.

दहाव्या दिवशी न्यूमोनिया उतरला आणि नळी काढली. डॉक्टर बिराजदारांनाही हे अपेक्षित नसावं, कारण सांगताना त्या हसल्या, आणि हसताना त्या फारच लहान दिसल्या. शिरीषनं मला कोपऱ्यात नेलं.

"मामा, तो कागद खरंच होता ना? आई एकदा काहीतरी बोलली होती, मी तेव्हा विषय बदलला." मी होय अशी मान हलवली. तो वाकला आणि सगळ्यांदेखत माझ्या पायांना हात लावला. "तुम्ही काढला नाहीत. काढला असता तर आज आई नसती. मला हे जन्मभर विसरता येणार नाही."

ही गोष्ट नातेवाइकांत पसरली. लातूरच्या मावसभावाचा फोन आला. भालचंद्रराव, मोठं धैर्य दाखवलंत, कायद्यापेक्षा माणूस मोठा. मी हूं हूं केलं. सगळ्यांनी मिळून माझ्या गप्प बसण्याला एक अर्थ दिला होता आणि तो चांगला दिसत होता. मला वाटलं, असेलही तसं. कुणी सांगावं, मनातून मी तिला वाचवायचंच ठरवलं असेल. महिनाभर मी त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत होतो.

*

महिन्यानंतर बार्शीला अक्काच्या घरी गेलो. सोमवारची दुपार होती. अक्का पुढच्या खोलीत खाटेवर टेकून बसली होती. नाकात ऑक्सिजनच्या बारीक नळ्या, खाटेजवळ घरघरणारं मशीन. केस सरूबाईंनी घट्ट विंचरून बांधले होते. नळीमुळे आवाज बसला होता, आणि दर चार शब्दांनी तिला थांबावं लागत होतं.

"बस. तिकडं नको, इथं. मला ओरडता येत नाही."

मी बसलो. तिनं शिरीषचं सांगितलं. तो आठ दिवस राहिला. त्यानं स्वतः भात लावला.

"कच्चा होता," ती म्हणाली. "पण सगळा खाल्ला."

"दोन दिस पोट धरून बसल्या हुत्या," आतून सरूबाईंचा आवाज आला.

"सरू, तुझं काम कर."

"करतीय की. कान काय कामाला लागत न्हाईत."

अक्का हसली. हसण्यानं ढास लागली. ती शांत व्हायला बराच वेळ गेला. मग तिनं आपली मनगटं पांघरुणातून बाहेर काढून माझ्यासमोर धरली. कातडी अजून काळवंडलेली होती.

"हाताची घडी, तोंडावर बोट," ती म्हणाली. "नऊ दिवस. एवढा वेळ मी पोरींनाही कधी बसवलं नव्हतं."

मी खाली बघितलं.

"भालू, एक विचारते. तू विचार करून गप्प बसलास का?"

मशीन घरघरत होतं. आत भांडी वाजायची थांबली होती.

"शिरीष म्हणतो, मामानं विचार केला. मला जगवायचं ठरवलं. तसं असेल तर माझी तक्रार नाही. खरंच नाही." ती थांबली, श्वास घेतला. "हा महिना काही वाईट गेला नाही. पण मला माहीत पाहिजे. तू ठरवलंस, की तुला बोलताच आलं नाही?"

तोंडाशी आलेलं उत्तर मला ठाऊक होतं. दोन-तीन शब्दांचं होतं. अक्कानं वाट पाहिली. वर्गात मुलीला उत्तर येत नसलं की ती अशीच थांबायची, असं सरूबाई सांगायच्या. मदत करायची नाही, पण खाली बस असंही म्हणायची नाही.

शेवटी तीच म्हणाली, "बरं. माझ्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही."

"कुठल्या पत्राचं?"

"एकच तर होतं."

"पण कागद तर होऊन गेला, अक्का."

"कागद बदलता येतो. शनिवारी वकिलांना बोलावलंय. साक्षीदार आणि नोटरी घेऊन येतील. पुन्हा ती वेळ येणार, भालू, आणि लवकर येणार. मला पुन्हा हात बांधून घ्यायचे नाहीत. तुझं नाव ठेवू, की काढू?"

मी काहीतरी बोलणार होतो. तिनं हात वर केला.

"आत्ता नको. माझ्यासमोर तू हो म्हणशील. घरी जा, लिहून पाठव."

"आणि नाही जमलं लिहायला तर?" हे मात्र माझ्या तोंडून सहज निघून गेलं. "पत्र आलं नाही तर काय समजशील?"

"काही समजणार नाही," ती म्हणाली. "चूक माझीच होती. तुझ्या गप्प बसण्यातून मी हवं ते काढून घेतलं. वडीलही तेच करायचे. आता पत्र यायलाच पाहिजे."

मग ती दमली. सरूबाईंनी येऊन तिच्या पाठीमागची उशी सारखी केली. अक्कानं डोळे न उघडताच त्यांचा हात चाचपून धरला, आणि सरूबाई तशाच वाकून उभ्या राहिल्या, कंबर दुखत असूनही, ती झोपेपर्यंत. मी चपला घातल्या. मला पोचवायला कुणी आलं नाही.

*

मंगळवारी लिहायला बसलो. पहिलं पत्र चार पानं झालं. त्यात शिरीषचा चेहरा होता, लहानपणचा ताप होता, डॉक्टरांची घाई होती. डॉक्टरांनी तर मुळीच घाई केली नव्हती. फाडलं. दुसऱ्यात मी क्षमा मागितली होती, तीही अशा शब्दांत की वाचणाऱ्यानं माझीच समजूत घालावी. तेही फाडलं. बुधवारी तिसरं लिहिलं. त्यात पुढच्या वेळी नक्की बोलेन असं वचन होतं. ते रात्रभर टेबलावर राहू दिलं. सकाळी वाचलं तेव्हा कळलं, हे वाक्य मी मंगळवेढ्याच्या एस.टी.त बसून जुळवलेल्या वाक्यासारखंच आहे. चांगलं आहे, आणि माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास चौथं लिहिलं. त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत.

"ती. अक्का यांस शि. सा. न. वि. वि.

मी विचार करून गप्प बसलो नाही. मला बोलता आलं नाही. डॉक्टरांनी मला स्पष्ट विचारलं तेव्हा कागद माझ्या पिशवीत होता आणि माझा हात त्याच्यावर होता. शिरीष समजतो तसं काही नव्हतं, हे त्यालाही मी लिहीन.

पुढच्या वेळीही मला बोलता येणार नाही. माझं नाव काढ.

सरूबाईंचं घाल. त्या एकट्याच बोलल्या होत्या. त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत विचारलं नाही. ते त्यांना विचारून नीट घालून घे, म्हणजे त्यांना कुणी गप्प बसा म्हणणार नाही.

तुझा,
भालू"

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. पाकिटात घालून डिंक लावला, पत्ता लिहिला आणि पोस्टात गेलो. शनिवारच्या आत पोचायला हवं होतं, म्हणून पेटीत न टाकता स्पीड पोस्टच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो. पुढं सातआठ माणसं होती. दोनदा वाटलं, घरी जावं, दुपारी गर्दी कमी असेल. पाय दुखत होते. उभा राहिलो.

खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, उलटून पाहिलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय."

मी तिच्याकडून पेन मागून घेतलं, खिडकीच्या कडप्प्यावर पाकीट टेकवून पूर्ण नाव लिहिलं, आणि ते आत दिलं. तिनं त्यावर पट्टी चिकटवली आणि मागच्या पोत्यात टाकलं.